१५ अँपिअरचा पोर्टेबल चार्जर: डब्याला पैकीच्या पैकी, सॉकेटवर नजर ठेवा

इलेक्ट्रिक गाडीच्या डिकीत हा चार्जर येतो. एका टोकाला तीन पिनांचा जाड प्लग, दुसऱ्या टोकाला गाडीत खुपसायची टाइप-२ ची गन आणि मध्ये दिवे लुकलुकणारा डबा. भिंतीवर मोठा चार्जर बसवायला सोसायटी तयार नसेल तर बहुतेकांचं याच्यावरच भागतं. ३.३ किलोवॅटने रात्रभरात २५-३० युनिट भरतात. रोज शंभरेक किलोमीटर धावणाऱ्या गाडीला तेवढं पुरतं.

वस्तू म्हणून डबा चोख आहे. अर्थिंग नसेल तर तो चार्जिंग सुरूच करत नाही, गळती (वीज भलत्या वाटेने जमिनीकडे जाणं) दिसली की पुरवठा तोडतो आणि गन गाडीत नीट बसल्याशिवाय तिच्या पिनांत वीज सोडत नाही. काही कंपन्या प्लगमध्ये तापमानाचा सेन्सरही देतात. तो आपल्याकडे आहे का, हे मॅन्युअलमध्ये आधी बघून घ्यावं.

गुण कापायचे ते प्लग आणि सॉकेट जिथे भेटतात तिथे. १५ अँपिअरच्या सॉकेटवर गीझर वीस मिनिटं चालतो, गाडी मात्र आठ-नऊ तास सलग १४ अँपिअर ओढते. सांधा घट्ट असेल, समजा त्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) २ मिलिओहम, तर तिथे अर्ध्या वॅटहूनही कमी उष्णता तयार होते. सॉकेटमधली स्प्रिंग ढिली पडून तोच रोध ५० मिलिओहम झाला की जवळपास १० वॅट, म्हणजे छोट्या सोल्डरिंग आयर्नइतका ताप, एका पिनेच्या बुडाशी रात्रभर. प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग वितळतं. या सगळ्यात एमसीबी (करंट वाढला की पडणारा स्विच) पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. आरसीसीबीही (गळती झाली की पडणारा स्विच) पडत नाही, कारण गळती नसते. म्हणून हे काम डोळ्यांनी आणि हातानेच करावं लागतं.

नव्या सॉकेटवर पहिल्या आठवड्यात दोनदा, नंतर महिन्यातून एकदा: चार्जिंग सुरू होऊन तासभर झाला की हाताची मागची बाजू प्लगच्या प्लास्टिकवर टेकवावी. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर चार्जिंग थांबवायचं आणि सॉकेट बदलेपर्यंत तिथे गाडी लावायची नाही. त्याच दिवशी, चार्जिंग बंद असताना, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबावं. बटण फक्त आतली यंत्रणा मोकळी आहे एवढंच सांगतं, अर्थिंगबद्दल काहीच नाही, हा फरक पुष्कळ वायरमनही विसरतात.

वर्षातून दोनदा, मे अखेरीस आणि दिवाळीच्या आसपास, सॉकेट उघडून घ्यावं. मेन बंद, टेस्टरने खात्री, मग टर्मिनलचे स्क्रू आवळायचे. तांबं काळं पडलं असेल तर तेवढी वायर कापून नवीन टोक काढायचं, बारीक तारांच्या वायरला लग (तारा एकत्र दाबून धरणारं धातूचं टोक) लावायचा. मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत लांब ओढ असेल तर ४ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर हवी. ॲल्युमिनियमची केबल थेट पितळी टर्मिनलमध्ये खुपसलेली दिसली तर ती सहा महिन्यांत पुन्हा ढिली होणारच. रत्नागिरी, मालवण, गोव्याच्या किनाऱ्यावर खारं वारं पिनांवर हिरवा गंज चढवतं, तिथे दर तीन महिन्यांनी उघडा.

वर्षातून एकदा परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवावा. चार्जर काढून ठेवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) वायरिंगचं इन्सुलेशन (१ मेगाओहमच्या खाली नको), अर्थिंगचा रोध, आणि आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडतो का, एवढं मोजून कागदावर लिहून घ्यावं. पार्किंगमध्ये पाणी शिरलं, जवळपास वीज पडली किंवा गनवरून चाक गेलं, तर तारखेची वाट बघायची नाही.

खरी खोड आहे डबा लटकवण्याची. प्लगपासून डब्यापर्यंतची वायर आखूड, म्हणून तो सॉकेटवरून लोंबत राहतो आणि वजनाने पिना अर्ध्या बाहेर येतात. शेजारी मजबूत हुक ठोकला की हा त्रास संपतो, आणि कंपन्यांनी हुक खोक्यातच का देऊ नये हे कळत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांत सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवं आणि एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही, असं स्पष्ट आहे. प्लग कापून निळा इंडस्ट्रियल प्लग लावायचा मोह मात्र टाळा. सेन्सर असेल तर तो जातो आणि वॉरंटीही.

शेवटचं, आणि सगळ्यात वाईट. डब्यावर अर्थिंगचा लाल दिवा लागला की काही वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. दिवा हिरवा होतो. आरसीसीबी असेल तर तो बहुतेकदा पडत राहतो, म्हणून मग तोही काढतात. पुढे न्यूट्रल कुठे तुटला की गाडीचा पत्रा थेट फेजवर. बोर्डात आरसीसीबी नाही आणि काल लाल असलेला दिवा आज हिरवा आहे, तर मेन बंद करून सॉकेट उघडायला लावा आणि त्या दोन टर्मिनलांमध्ये वायरचा तुकडा आहे का, ते बघा.