वेरूळ: टूरची बस की आपलं आपण?

संभाजीनगरहून वेरूळ जेमतेम ३० किमी, त्यामुळे टूरवाले एकाच दिवसात दौलताबाद, घृष्णेश्वर, मकबरा, पाणचक्की सगळं उरकतात, आईबाबा सोबत असतील तर हेच बरं, रिक्षावाल्यांशी घासाघीस तरी करावी लागत नाही. पण अहो ३४ लेणी आहेत तिथे! बसवाले १६ नंबरचं कैलास लेणं दाखवून लगेच 'चला चला' करतात, टोकाची जैन लेणी बऱ्याचदा राहूनच जातात. स्वतः गेलं की कैलास पर्वत हलवणारा रावण आणि दचकून शंकराचा हात धरणारी पार्वती हे शिल्प निवांत बघता येतं. मी तरी स्वतःच जाईन, गाइड काय तिथेही मिळतो. फक्त मंगळवार टाळा, वेरूळ बंद असतं (अजिंठा सोमवारी).