रॅस या समुद्री माशासाठी चार फुटी टाकी: लांबीला पूर्ण गुण, झाकणाला शून्य

१२० × ४५ × ४५ सेंटीमीटर, म्हणजे काठोकाठ साधारण २४० लिटर. दुकानदार तेवढ्याच लिटरची उंच, तीन फुटी टाकी गळ्यात मारत होता. दिसायला झकास, पण रॅस दिवसभर आडवा हिंडतो; त्याला उंची काय कामाची?

माझा पिवळा कोरिस रॅस पूर्ण वाढला तरी १२ सेंटीमीटरच्या आसपास राहील, त्याला ही टाकी ऐसपैस आहे. दिवे मंदावले की तो एका जागी थबकतो, अंग वाकवतो आणि सुर्रकन वाळूत डोकं खुपसून गायब! मागे राहतो फक्त एक छोटा खळगा. त्यासाठी मी बारीक वाळूचा सहा सेंटीमीटर थर दिलाय, त्यामुळे पाणी थोडं कमी बसतं.

झाकण मात्र भिकार. पाइपांसाठी मागे बोटभर फट ठेवलीय, आणि रॅस म्हणजे उड्या मारणारी जात. मी सरळ जाळी बसवली.

सिक्सलाइन जातीचा रॅस ठेवणार असाल तर मावेल, पण तो दादागिरी करतो, सगळ्यांत शेवटी सोडा. मून रॅस? २५ सेंटीमीटरपर्यंत वाढणारा मासा यात कोंडू नका, त्याला सहा फुटी बघा.