केनियातल्या शाळेला केमिस्ट्रीसाठी काय द्यावं: लॅब, मायक्रोस्केल किट की सिम्युलेशन?

नैरोबीतल्या आपल्या मंडळींपैकी कोणीतरी दरवर्षी विचारतंच, बाहेरगावच्या एका सेकंडरी शाळेला केमिस्ट्रीसाठी काहीतरी द्यायचंय, काय देऊ? बहुतेकांच्या डोक्यात लॅबच असते, कारण लॅबवर नावाची पाटी लागते, ड्रॉपरवर लागत नाही.

लॅबच्या बाजूने एकच पण दमदार मुद्दा आहे, केसीएसई. सेकंडरीच्या शेवटच्या वर्षाच्या, म्हणजे फॉर्म फोरच्या या परीक्षेत प्रॅक्टिकलचा पेपर ४० मार्कांचा, त्यात टायट्रेशन (द्रावण मोजून थेंबाथेंबाने घालायचा प्रयोग), आणि त्याचं टेबल पूर्ण भरलंय का, रीडिंगचे दशांश एकसारखे आहेत का यालाही मार्क. ज्या पोराने ब्युरेट, म्हणजे त्यासाठीची तोटीवाली मापाची नळी, शेवटच्या टर्मलाच पहिल्यांदा हातात घेतली त्याला टोकातला हवेचा बुडबुडा काढेपर्यंत घाम फुटतो. पण इमारत, ओटे, सिंक हे एकदाच होतं, केमिकल्स दरवर्षी लागतात, ते कोण देणार? एका शाळेत मी बघितलंय, फ्यूम कबर्डमध्ये (विषारी वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटात) जुन्या पेपरांचे गठ्ठे आणि सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी बाटली रिकामी. महागडं म्हणून 'कॉन्फिडेन्शियल' येईपर्यंत मागवतच नाहीत. कॉन्फिडेन्शियल म्हणजे परीक्षेआधी बोर्डाकडून येणारी तयारीची यादी.

मायक्रोस्केल, म्हणजे थेंबाथेंबांत करायचे प्रयोग, इथे बाजी मारतं. दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँड विद्यापीठाच्या रॅडमेस्ट सेंटरने हे किट बनवलं आणि युनेस्कोने पुढे बऱ्याच देशांत नेलं. खळगे असलेली प्लास्टिकची प्लेट आणि ड्रॉपर, एवढंच. टेस्ट ट्यूबमध्ये ४० मुलांना प्रत्येकी २ मिली म्हटलं तर ८० मिली द्रावण जातं, इथे दोन-दोन थेंबांत ४ मिलीत काम होतं, आणि लेड नायट्रेटवर पोटॅशियम आयोडाइडचा थेंब पडल्यावर येणारा तो पिवळाधमक साका प्रत्येकाच्या स्वतःच्या प्लेटमध्ये दिसतो, मागच्या बाकावरून मान उंच करून बघावा लागत नाही. (लेडचं पाणी बाटलीत जमा करायचं हं, सिंकमध्ये नाही.) कमी एकच, यावर ब्युरेटचा हात बसत नाही.

सिम्युलेशन, म्हणजे कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट, फुकट आहे, ऑफलाइनही चालतं. अणू आणि समीकरणं समजवायला झकास, पण मुलांना शाळेत मोबाइल आणू देत नाहीत, म्हणजे एक प्रोजेक्टर आणि सगळा वर्ग प्रेक्षक. अमोनियाचा वास तर येणारच नाही.

कुठलंही घ्या, शिक्षकाला दोन दिवस शिकवणारं माणूस त्यासोबत हवं, नाहीतर किट कपाटात जातं. १९९८ पासून जायका या जपानी मदतसंस्थेच्या साथीने चाललेल्या स्मासे या विज्ञान-गणिताच्या कार्यक्रमाचा सगळा भर शिक्षकांच्या ट्रेनिंगवरच होता. युनिव्हर्सिटीला मशीन देणाऱ्यांनाही हेच, जुजाच्या जोमो केन्याटा विद्यापीठात जीसी-एमएसचे (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या मशीनचे) ट्रेनिंग कोर्स झालेत, तसं काही जोडून नसेल तर मशीनवर नुसतं कव्हर चढतं.

आणखी एक, जानेवारी २०२६ पासून ग्रेड १० नव्या पद्धतीने सुरू झालीय, केमिस्ट्री आता स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणिताच्या शाखेत) येते, जुनी केसीएसई २०२७ ला संपायचीय. त्यामुळे या शाळेत स्टेम आहे का हे विचारल्याशिवाय वीटसुद्धा रचू नका.

मला विचाराल तर ४० मुलांच्या वर्गाला दोघांत एक मायक्रोस्केल किट, दहा ब्युरेट, दहा पिपेट आणि उरलेले पैसे तीन वर्षांच्या केमिकल्ससाठी बाजूला. आणि काचसामान पुण्याहून बॅगेत भरून आणायच्या भानगडीत पडू नका, नैरोबीत मिळतं, फुटलं की शाळेला तिथूनच दुसरं आणता येतं.