खानापूरचा पाऊस, सौंदत्तीचं ऊन आणि एकच रंगपेटी: ९ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये प्रवासात जलरंगात चित्रं काढायची म्हणून सामान घेतलं. तेव्हापासून या फेब्रुवारीपर्यंत बहुतेक रविवार बसमध्ये नाहीतर कुठल्यातरी देवळाच्या कट्ट्यावर गेले. सामान चांगलं आहे का, असं मैत्रिणी विचारतात. एका शब्दात सांगता येत नाही, कारण आमच्या जिल्ह्यात तीच पेटी दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वागते. बेळगावहून दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला खानापूर, जांबोटी, कणकुंबी हा घाटमाथ्याचा पाऊस. पूर्वेला आणि ईशान्येला सौंदत्ती, गोकाक हा कोरडा माळ. सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येईल एवढ्याच अंतरात हवा इतकी बदलते. जलरंगाचं सगळं गणित पाणी किती वेळात वाळतं यावर असतं, त्यामुळे सामानाची खरी परीक्षा इथेच होते.

कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना साध्या सरकारी बसला तिकिटाचे पैसे पडत नाहीत. माझे तिकिटाचे वाचलेले पैसे कागदात गेले आणि ते योग्य ठिकाणी गेले असं आता खात्रीनं वाटतं.

कागदाबद्दलच जास्त लिहिणार आहे, कारण फरक तिथेच पडला. पहिली वही २०० जीएसएमची (एका चौरस मीटर कागदाचं वजन २०० ग्रॅम) होती, वर ‘वॉटरकलर’ छापलेलं. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. जांबोटीच्या स्टँडवर छपराखाली बसून समोरची ओली झाडी रंगवत होते. पहिला थर बरा बसला. दुसऱ्यांदा ब्रश फिरवला तशा कागदाच्या बारीक बारीक गोळ्या सुटल्या आणि हिरव्यात मळकट ठिपके उमटले. पान वाकून मधे पाणी साचलं, ते अर्ध्या तासानंतरही ओलंच होतं. ती वही आता फक्त पेन्सिलीसाठी. नंतर ३०० जीएसएमचं, शंभर टक्के कॉटनचं पॅड घेतलं. महाग आहे, विचार करूनच घेतलं. पण त्यावर रंग उचलता येतो, पुन्हा लावता येतो, आणि कड हवी तिथे मऊ करता येते. पावसात हे फार लागतं, कारण तिथे थर वाळायची वाट बघण्यातच निम्मा वेळ जातो.

कॉटनलाही दमट हवा सोसत नाही. कागदाला आतून-बाहेरून सरसाचा हात दिलेला असतो, त्यामुळे रंग वर टिकतो. ओल लागून तो सरस खराब झाला की कागद टीपकागदासारखा रंग पितो. सप्टेंबरात माझ्या चार पानांवर असे डाग निघाले. आकाशाचा निळा थर लावला तर मधेच गडद ठिपके. तेव्हापासून पॅड घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते, बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून. त्यानंतर एकही पान वाया गेलं नाही. कॉटन घेणार असाल तर आधी डबा घ्या.

रंगाची पेटी १२ हाफ पॅनची, म्हणजे सुक्या रंगाच्या छोट्या वड्यांची. रोज लागले ते तीनच: अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि एक पिवळा. पहिले दोन मिसळले की ढगापासून काळ्या दगडापर्यंत सगळे राखाडी निघतात, आणि अल्ट्रामरीनचा दाणा कागदाच्या खळग्यांत बसल्यामुळे दगडाचा खडबडीतपणा आपोआप येतो. बेळगावच्या किल्ल्यातलं कमल बस्ती हे जैन मंदिर, १२०४ सालचं, मी याच दोन रंगांत सात वेळा काढलं. छताला उलटं लटकलेलं दगडी कमळ अजून जमलेलं नाही, पण त्यात चूक माझ्या रेखाटनाची आहे, रंगाची नाही. जुलैत मात्र पॅन चिकटच राहिले आणि त्यांतल्या दोनांवर पांढरी बुरशी धरली. ओल्या कापडानं वरचा थर पुसून पेटी पंख्याखाली उघडी ठेवली, तेव्हा गेली. पेटी ओली बंद करू नका, एवढं पाळलं तरी पुरतं.

वॉटरब्रश, म्हणजे दांड्यात पाणी भरायचा ब्रश, खानापूरच्या बसमध्ये खूप उपयोगी पडला. भांडं नको, सांडणं नाही. पण सौंदत्तीला डोंगरावर दुपारी दांडा तापला की पाणी नको तेव्हा टपकतं, आणि मोठं आकाश त्यानं रंगवताच येत नाही. तिथे थर ओढायच्या आत वाळतो, मधेच रेघ दिसते. म्हणून माळाकडे जाताना मोठा मऊ ब्रश आणि पाण्याची डबी, घाटमाथ्याकडे वॉटरब्रश.

शाईचं थोडक्यात. न पुसणारी म्हणून साधी ड्रॉइंग इंक फाउंटन पेनात भरली आणि पेन कायमचं बसलं. तसल्या शाईत लाख असते, ती टाकाच्या निबला ठीक, पेनाच्या आत नाही. पेनासाठीच केलेली पिग्मेंटची काळी शाई घेतली, ती आजवर चालू आहे. फक्त पावसात रेघेवर लगेच रंग लावू नका. फेब्रुवारीत मिनिटभर थांबलं तरी चालतं, जुलैत दहा मिनिटंही कमी पडली.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. खानापूरकडच्या रस्त्याच्या कडेची तांबडी माती पेटीतल्या एकाही रंगानं साधेना. ऑक्टोबरात तीच ओंजळभर घरी आणली. पाण्यात ढवळली, वाळू खाली बसू दिली, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलं. असं तीनदा. शेवटचा गाळ रात्रभर बसवून वाळवला आणि खलबत्त्यात कुटला. मग काचेवर डिंकाचं पाणी, थोडा मध आणि लवंग तेलाचा एक थेंब घालून सपाट बुडाच्या पेल्यानं घोटला. आधी करकर आवाज येतो. तो थांबून नुसता लोण्यासारखा सरकला की झालं. पहिल्या खेपेस डिंक कमी पडला, वाळलेला रंग बोटाला लागत होता. दुसऱ्या खेपेस बरोबर जमलं.

हलशीला भूवराह नरसिंहाच्या देवळात समोरासमोर दोन गाभारे आहेत. तिथे बाहेर बसून पायवाट याच रंगानं काढत होते. पाण्याची घागर घेऊन चाललेल्या एक मावशी थांबल्या. “काय काढूलाय गं?” मी वही दाखवली, रंग कशाचा तेही सांगितलं. त्यांनी घागर खाली ठेवली, चपलेच्या टोकानं जमीन उकरली, वहीकडे बघितलं. “खरंच की. पावसात भिजल्यावर अशीच दिसते.” मी वाळलेली वाट काढली होती. म्हणजे रंग एक छटा गडद होता. पुढच्या पानावर पाणी वाढवलं.

त्याच ऑक्टोबरात सगळ्या रंगांच्या पट्ट्या अर्ध्या झाकून खिडकीला चिकटवल्या होत्या. चार महिन्यांनी पेटीतला गुलाबी झाकलेल्या भागापेक्षा स्पष्ट फिका पडला. मातीचा तसाच आहे. ती लोहाच्या ऑक्साइडमुळे तांबडी असते, आणि हा रंग उन्हानं उडत नाही. गुलाबीचा पॅन मी काढून टाकला आणि त्या खाचेत खानापूरची माती भरली.

येत्या जूनमध्ये कणकुंबीला मलप्रभेच्या उगमापाशी बसायचं आहे. तोवर गोकाकच्या धबधब्याजवळची माती गाळून बघते. ती खानापूरइतकी तांबडी नाही, जरा पिवळसर दिसते.