व्हर्सायला जाताय? मग राजाची भाजीबाग बघाच

पॅरिसला आलेले आपले लोक व्हर्सायला जातात, आरसेमहालात गर्दीत फोटो काढतात, कारंजी बघतात आणि पाय दुखले म्हणत ट्रेन पकडतात. पण राजवाड्यापासून चालत दहाएक मिनिटांवर, सेंट लुई कॅथेड्रलला लागूनच 'पोताजे द्यू र्वा' आहे, चौदाव्या लुईची भाजी आणि फळांची बाग, तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. तिकीट वेगळं काढावं लागतं, काढा. मला तरी राजवाड्यापेक्षा हीच जास्त आवडली, सोनेरी छतं बघून बघून किती बघणार!

बाग साधारण 9 हेक्टरची, म्हणजे 22 एकर. 1678 ते 1683 मध्ये ला कँतिनी नावाच्या माणसाने उभी केली, हा मूळचा वकिलीवाला, इटलीला गेला तिथल्या बागा बघितल्या आणि वकिली राहिली बाजूला. राजाने जागा कुठली दिली तर दलदल, लोक तिला चक्क नासकं तळं म्हणायचे. मग पाणी काढा, शेजारी मोठा तलाव खणत होते तिथली माती आणून भरा, वर चांगली माती पसरा, असा सगळा उपद्व्याप. बरं राजेसाहेबांना सगळं सीझनच्या आधी हवं, अंजीर तर जीव की प्राण, त्यामुळे डिसेंबरात ॲस्परॅगस, मार्चअखेर स्ट्रॉबेरी, एप्रिलमध्ये मटार, जूनमध्ये अंजीर असं तो पुरवायचा. तेही हीटर वगैरे काही नसताना! शाही तबेल्यातली ताजी घोड्याची लीद वाफ्याखाली घालायची, ती कुजताना गरम होते, वरून काचेच्या घंटा झाकायच्या, आणि बागेचे उंच भिंती घालून कप्पे करायचे म्हणजे वारा अडतो आणि दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते.

त्या भिंतींसाठी तरी जाच. नासपतीची झाडं भिंतीला अगदी चपटी चिकटवून वाढवलीयेत, फांद्या तारांना बांधून समईच्या वातींसारख्या दोन्ही बाजूंना सारख्या वळवलेल्या, आणि आम्ही सप्टेंबरात गेलो तेव्हा त्या एवढ्याशा फांदीला मुठीएवढी फळं लटकलेली. सासूबाई तिथून हलेचनात. गावाकडे आयुष्यभर शेती केलेली बाई, राजवाड्यात जांभया देत होत्या आणि इथे डोळे फांदीवरून काढेनात, "छाटणी करणाऱ्याचा हात बघ गं" म्हणाल्या.

मधला मोठा चौक म्हणजे 16 वाफे आणि मध्ये गोल हौद, भोवतीच्या उंच गच्चीवरून चालत खालचं सगळं दिसतं. आधी वरून एक चक्कर मारा मग खाली उतरा.

हे काही म्युझियम नाही हं. लँडस्केप शिकवणारं सरकारी कॉलेज ही बाग चालवतं आणि खरोखर पीक घेतं, त्यामुळे कुठे तण, कुठे नुकता उपटलेला वाफा असं दिसणारच. राजवाड्यापुढच्या फुलांच्या गालिच्यासारखं चकाचक हवं असेल तर तुमचा मूड जाईल. शेताची, गच्चीवरच्या कुंड्यांची, निदान मंडईत भाजी निवडायची आवड असेल तर दोन तास कमी पडतात.

वेळा सीझनप्रमाणे बदलतात, साइटवर बघूनच निघा. टोपी न्या, चौकात सावली नाही. दुकानात बागेतलीच फळं-भाज्या आणि जॅम मिळतात, तिथे थोडे युरो राखून ठेवा.