सातारा: ‘स्टेज वन’च्या नावाखाली ८५,००० रुपये गेले, पोलो जीटीवाल्यांनी पैसे देण्याआधी वाचा

‘स्टेज वन’ म्हणजे गाडीची ताकद वाढवायची पहिली पायरी. एका गॅरेजात ती करून घ्यायला गेलो आणि फसलो. आधी आकडे सांगतो. फसलेले लोक लाजेपोटी आकडे लपवतात आणि त्यावरच या लोकांचा धंदा चालतो. रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं, ३८,०००. डाउनपाइप, म्हणजे टर्बोमागचा धुराचा पाइप, २४,०००. इनटेक, म्हणजे इंजिनला हवा पुरवणारा फिल्टर-पाइप, १६,५००. डायनोचे, म्हणजे गाडी रोलरवर पळवून ताकद मोजण्याचे, ६,५००. एकूण ८५,०००. त्यातले ४०,००० यूपीआयने गेले, ४५,००० रोख. जीएसटीचं पक्कं बिल नाही, व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनानं मांडलेला हिशेब तेवढा हातात आहे. या पैशांत काय मिळालं? इंजिनला कंपनीचंच सॉफ्टवेअर, खाली कंपनीचाच पाइप, आणि डॅशबोर्डखाली लपवलेली तीन-चार हजारांची एक डबी.

गाडी फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटरची, सेकंड हँड घेतलेली. ताकद १०५ पीएस, टॉर्क म्हणजे इंजिनचा फिरवायचा जोर १७५ न्यूटन मीटर, सात गिअरचा डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. माझं हे पहिलंच मॉडिफिकेशन होतं, पण मी काही न वाचता गेलो नव्हतो. या डीएसजीचा ड्राय क्लच २५० न्यूटन मीटरपर्यंतचाच टॉर्क झेलतो, म्हणून रिमॅप त्याच्या खालीच ठेवायचा ना, हे मी स्वतः गॅरेजवाल्याला विचारलं. त्यानं बरोबर उत्तर दिलं. फ्लॅश करताना, म्हणजे नवं सॉफ्टवेअर भरताना, बॅटरीला चार्जर लावता का, हेही विचारलं. तेही बरोबर. राग त्याचाच येतो. मला अडाण्यानं फसवलं नाही, हा विषय कोळून प्यालेल्या माणसानं फसवलं.

गॅरेज महामार्गालगत. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. कास रोडला रविवारी गाड्या घेऊन जमणाऱ्या पोरांनी नंबर दिला होता. दारात ऑक्टाव्हिया आरएससारखी वेगवान गाडी उभी, भिंतीवर ट्यूनिंग कंपन्यांचे स्टिकर, बोलणं एकदम आदबीचं. “दादा, गाडी सोडून जावा. पुण्याला डायनोवर घालून ग्राफसकट देतो.” ३०,००० ॲडव्हान्स तिथंच दिले.

आता तो क्षण, जो अजून डोक्यातून जात नाही. गाडी ताब्यात घेताना मी ओडोमीटर बघितलं. सोडताना ६१,८४२ होतं, हे मी फोनवर फोटो काढून ठेवलं होतं. परत घेताना ६१,८५३. सातारा ते पुणे साधारण ११० किलोमीटर. जाऊन-येऊन सव्वादोनशेच्या आसपास आकडा वाढायला हवा, वाढला फक्त ११ नं. पेट्रोलचा काटाही जवळपास होता तिथंच. मी विचारलं, आणि तो क्षणभरही अडखळला नाही. “ट्यून न केलेली गाडी हायवेला कशाला पळवायची दादा, फ्लॅटबेड ट्रकवर चढवून नेली.” सांगा, यात कुणाला शंका आली असती? उलट माणूस गाडीची काळजी घेतो असंच वाटलं. फ्लॅटबेडचे पैसे वेगळे का लावले नाहीत, एवढा एकच प्रश्न विचारायचा होता. तो मला रात्री घरी आल्यावर सुचला, तोवर उरलेले ५५,००० देऊन झाले होते.

ग्राफसुद्धा हातातच होता. १५२ पीएस, २४१ न्यूटन मीटर, रंगीत रेघा. त्यावर गाडीचा नंबर नाही. आणि टॉर्कची रेघ हळूहळू चढत जाऊन थेट ४,००० आरपीएमला टोकाला पोचलेली. टर्बोनं दाबून हवा भरलेल्या पेट्रोल इंजिनचा टॉर्क असा येतो का? पोलोचा कंपनीचा टॉर्कसुद्धा १,५०० आरपीएमलाच पूर्ण मिळतो आणि पुढं बराच वेळ सपाट राहतो, रिमॅपनंतर तो आणखी उंच होतो, उशिरा येत नाही. तो ग्राफ कुठल्यातरी बिनटर्बोच्या गाडीचा होता. पण समोर माणूस चावी घेऊन उभा आणि गाडी बाहेर काढल्याबरोबर नुसती उसळते आहे, तेव्हा कागदावरच्या रेघेचा आकार कोण बघत बसतो?

आणि गाडी खरंच उसळत होती. सर्व्हिस रोडला पाय टेकवला की पुढं झेप. तीच त्या डबीची करामत. पेडल कंट्रोलर म्हणतात तिला. ॲक्सिलरेटर पेडलच्या सेन्सरची पिन काढून मध्ये जोडायची. तुम्ही पेडल ३० टक्के दाबलंत की ती इंजिनला ६० टक्के दाबल्याचं कळवते. ताकद एका पीएसनंही वाढत नाही, फक्त मिळायची ती लवकर मिळते. पूर्ण पेडल दाबलं की डबी असो वा नसो, गाडी तीच.

ते कळलं पुण्याहून परत येताना खंबाटकी चढताना. पुढं ट्रक, बाजूची लेन मोकळी, पूर्ण पेडल दाबलं आणि गाडीनं ओव्हरटेकला पूर्वीइतकाच वेळ घेतला. चारजण बसले होते म्हणून असेल असं मी मनाला समजावलं. मग एकट्यानं जाऊन बघितलं, तेच. शेवटी पुण्यात दुसऱ्या ट्यूनरकडे तपासायला गेलो, त्याचे १,८०० वेगळे. त्यानं लॅपटॉप लावून ईसीयूतलं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं, सॉफ्टवेअर वाचलं, ते कंपनीचंच. पूर्ण पेडलला बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, किती येतो त्याची नोंद काढली, तोही कंपनीइतकाच. मग गाडी लिफ्टवर घेतली. ‘नवा डाउनपाइप’ म्हणजे जुन्याच पाइपाला गुंडाळलेली उष्णतारोधक पट्टी होती. आणि इनटेकचा उघडा कोन फिल्टर इंजिनची गरम हवाच आत ओढत होता, म्हणजे होता त्याहून वाईट.

रिमॅप करणार असाल तर आधी साधा ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटात लावायचं यंत्र) लावून ईसीयूचा कॅलिब्रेशन नंबर आणि सीव्हीएन, म्हणजे सॉफ्टवेअरची ओळख आणि पडताळणीचा आकडा, लिहून ठेवा, नंतर परत वाचा. दोन्ही जसेच्या तसे असतील तर पैसे देऊ नका, आधी खुलासा मागा. डायनोवर गाडी चढेल तेव्हा तिथं स्वतः उभे राहा. काढलेला जुना पार्ट हातात मागा.

गॅरेजवाला आता फोन उचलत नाही. एकदा उचलला तेव्हा म्हणाला, “दादा, कंपनीत सर्व्हिसिंगला गाडी दिली असणार तुम्ही, त्यांनी अपडेट मारून आमची फाइल उडवली.” गाडी मधल्या काळात शोरूमला गेलीच नव्हती.

आता पोलिसांचं. ठाण्यातल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, “मॉडिफिकेशन कायदेशीर आहे का?” गाडीत मनमानी बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मला माहीत आहे. त्यावरचा २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही माहीत आहे. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, हेही माहीत आहे. पण सॉफ्टवेअर आणि पाइप बदललेच नाहीत, हीच तर माझी तक्रार! न झालेल्या कामाबद्दल मला दंडाची भीती घालायची आणि त्या कामाचे पैसे खाणाऱ्याला बोलवायचंही नाही, हा कुठला न्याय? दुसऱ्या साहेबांनी ‘हे दिवाणी आहे’ म्हणून हात वर केले. खोटा ग्राफ देऊन पैसे घेणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे ना? १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तर म्हणाले, पैसे समोरासमोर ठरवून दिलेत, हा सायबर गुन्हा नाही. आरटीओत गेलो, तिथं तर मलाच गाडी तपासणीला आणायला सांगितलं. ज्याच्या खिशातून पैसे गेले तोच प्रत्येक टेबलावर आरोपी. वडील म्हणाले, सोड आता, लोक हसतील. हसू देत. सोडणार नाही.

पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टानं पाठवली आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तो हक्क आहे, ठाण्यानं नोंद घेतली नाही तर वापरा. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार दाखल केली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. तिथं माझ्याकडं काय आहे? यूपीआयच्या ४०,००० ची नोंद, ओडोमीटरचा फोटो, पुण्याचा रिपोर्ट. रोख ४५,००० चा पुरावा म्हणजे ते व्हिजिटिंग कार्ड. रोख देऊ नका. तो ‘जीएसटी वाचेल’ म्हणाला तरी देऊ नका.

आणि पहिल्यांदाच गाडीला हात लावणार असाल तर ताकदीपासून सुरुवात करू नका. यवतेश्वरचा घाट उतरताना ब्रेकचा वास येतो ना? आधी चांगले पॅड, ताजं डॉट ४ ब्रेक ऑइल, चांगले टायर, नवे स्पार्क प्लग. डीएसजीचा क्लच तपासून घ्या. ही कामं कुठल्याही गॅरेजात डोळ्यासमोर होतात आणि त्यांचं बिल मिळतं. रिमॅप केलाच तर विमा कंपनीला कळवा, नाहीतर अपघातात क्लेम अडकवतील.

साताऱ्यात, कराडात किंवा सांगलीत कुणी ‘स्टेज वन’ करून घेतला असेल आणि गाडी नुसती पाय टेकवल्यावर उसळत असेल, तर आज ॲक्सिलरेटर पेडलच्या वर हात घालून वायर चाचपून बघा. मध्ये डबी सापडली तर काढू नका, जागेवरच फोटो घ्या आणि तारीख लिहून ठेवा. गॅरेज तेच निघालं तर तुमची तक्रार माझ्या तक्रारीला जोडता येईल.