स्टॅनले ५५ म्हणून ४५ गळ्यात मारला, ४१,२५० रुपये गेले

जुन्या अवजारांचा नाद असलेल्या गोव्यातल्या सगळ्यांनी हे वाचा. ‘पोर्तुगीज काळातल्या मेस्ताची (सुताराची) पेटी’ अशी जाहिरात करून एक माणूस स्टॅनले ५५ कॉम्बिनेशन रंधा, म्हणजे पाती बदलून वेगवेगळी नक्षी काढायचा रंधा, विकतोय आणि हातात देतोय त्याच कंपनीचा साधा ४५. माझे ४१,२५० रुपये गेले. १०,००० यूपीआयने बयाणा, २८,५०० रोख, आणि वर २,७५० ‘बेळगावहून राहिलेली पाती पाठवायचा खर्च’. पाती आली नाहीत. यायची कुठून, ती त्याच्याकडे नव्हतीच.

आता लगेच ‘एवढं कसं कळलं नाही’ म्हणू नका. डिचोलीत जुनं फर्निचर दुरुस्त करायचं माझं काम आहे, रंधा मला नवा नाही. जुन्या कपाटाची पट्टी तुटली की राउटरच्या (खाचा पाडायच्या विजेच्या यंत्राच्या) बिटाने तसा गोला-गलता, म्हणजे कडेची गोल-खोलगट नक्षी, निघत नाही, बाजारात मिळतात ते आकार वेगळे. म्हणून ५५ हवा होता. त्याच्याबरोबर मूळची ५२ पाती येत, चार चपट्या लाकडी पेट्यांत. कंपनी त्याला एकहाती प्लेनिंग मिलच म्हणायची. जाहिरातीतल्या फोटोत चारही पेट्या होत्या, झाकणं सरकवलेली, आत पाती ओळीने लावलेली. रंध्याचे दोन फोटो लाल कोब्यावर ठेवून काढलेले, आपल्याकडच्या कुठल्याही घरातले वाटतील असे. पेट्यांचा फोटो मात्र परदेशातल्या एका जुन्या लिलावातून उचललेला. फोटो इंटरनेटवर टाकून तो मूळ कुठला हे शोधायला मिनिट लागतं, तेवढं तरी तुम्ही करा.

भेट म्हापशाला ठरली. शुक्रवारची संध्याकाळ, बाजार उठत आलेला, वर पाऊस. गाडीच्या डिकीत तेलकट फडक्यात गुंडाळलेला रंधा आणि एकच पेटी. बाकीच्या तीन म्हणे बेळगावला भावाकडे. ‘तेल पुसू नका हां दादा, दमट हवा आहे, रात्रीत गंज धरेल.’ खरंच आहे की! जुलैत गोव्यात उघडं लोखंड ठेवून बघा. असल्या खऱ्या बोलण्यानेच माणूस फसतो.

आणि आता तो क्षण, ज्याची आठवण आली की अजून डोकं फिरतं. ५५ ची खूण अगदी सोपी आहे. दोन दांड्यांवर सरकणारा जो दुसरा भाग असतो, तो ४५ मध्ये फक्त आडवा सरकतो. ५५ मध्ये त्याची पट्टी वरखालीही होते, कारण काही नक्षीच्या दोन कडा वेगवेगळ्या उंचीवर असतात आणि दोन्हीकडे टेकण लागतं. मी ती पट्टी वर करायला गेलो. हलली नाही. तो म्हणाला, ‘जाम झालीय, एक रात्र डिझेलात बुडवा, मोकळी होईल.’ मी मान डोलावली. अहो, जाम व्हायला तिथे स्क्रू तरी पाहिजे होता! शिवाय ५५ ला फेन्स (लाकडाच्या कडेला टेकवायच्या पट्ट्या) दोन असतात, दोन्ही तिरप्या करता येतात. इथे एकच. विचारलं तर दुसरी पण बेळगावला. पण पाऊस डोक्यावर, मागे हॉर्न वाजवणारी गाडी, मोबाइलचा मिणमिणता उजेड. दुकानात टेबलावर ठेवून पाहिला असता तर अर्ध्या मिनिटात परत दिला असता. त्याने दुकानात यायचं का टाळलं ते आता कळतंय. संध्याकाळी रस्त्यावर कुणी काही विकत असेल तर घेऊ नका, मग ते फुकट का असेना.

घरी रॉकेलने पुसला आणि सगळं उघडं पडलं. नंबर जिथे ओतीव अक्षरांत असायला हवा तिथे कानशीच्या रेघा, त्यावर नवाकोरा क्रोम. जुनं निकेल जरा पिवळसर, ऊबदार दिसतं. क्रोमला निळी झाक असते. दिवसाच्या उजेडात हा फरक लपत नाही. फेन्सच्या कानाजवळ केसाएवढी पितळी रेघ. म्हणजे बीड तुटलेलं होतं, ब्रेझिंग करून (पितळेने सांधून) वर रंग फासलेला. पेटीतली पाती तर लाजच काढणारी. हॅक्सॉचं जाड ब्लेड कापून, ग्राइंडरवर टोक गोल करून दिलेलं. मूळ पात्याच्या कडेला खाच असते, पातं वरखाली करणारा स्क्रू त्यात अडकतो. यांना खाचच नाही, स्क्रू हवेत फिरतो. दोन स्क्रू तर गायबच. स्टॅनलेचे आटे बाजारातल्या आट्यांत बसत नाहीत, हार्डवेअरच्या दुकानात हात हलवत परत यावं लागतं. तेव्हा स्क्रू आधी मोजून घ्या.

तो सांगत होता, रंधा १८५० चा, कुण्या पाद्रीच्या सुताराचा. स्टॅनलेचा ४५ निघाला १८८० च्या दशकात, ५५ आला १८९७ साली. हे मला माहीत होतं! पण विक्रेते अशा थापा मारतातच, घराण्याच्या गोष्टी कोण मनावर घेतो? बरं, ४५ पण वाईट नाही. पण तो पाऊणशे वर्षं बनत होता, जगभर पडलाय. तुटका, सांधलेला, बिनपात्यांचा ४५ म्हणजे सुट्या भागांचं भांडार, बस्स.

आता पोलिसांचं ऐका. ठाण्यावरच्या हवालदाराने रंधा हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाला, ‘बाब, वस्तू मेळ्ळी न्ही तुमकां? मागीर फसयलें कशें?’ म्हणजे वस्तू मिळाली ना, मग फसवलं कसं. पाती नाहीत म्हटलं तर ‘हें सिव्हिल मॅटर, कोर्टांत वच’. यूपीआयचं नाव काढताच सायबरवाल्यांकडे बोट. सायबरवाले म्हणतात वस्तू हातोहात घेतली, मग हा सायबर गुन्हा कसा, ठाण्यावर जा. परत ठाण्यावर गेलो तर साहेब बंदोबस्ताला. बयाणा गेला ते खातं दुसऱ्या राज्यातल्या तिसऱ्याच माणसाच्या नावावर, म्हणून हद्दीचा प्रश्न. २८,५०० रोख, त्याची पावती कुठाय? बँक म्हणते, तुम्हीच स्वतःच्या हाताने पाठवलेत. ‘एका रंद्याखातीर इतलें?’ असं एकाने हसत विचारलं. साडेबारा हजारांची मोटरसायकल चोरीला गेली असती तर लिहून घेतलं असतं की नाही? इथे चाळीस हजारांवर गेले आणि मी दारोदार.

त्यांना जे ऐकायचं नसतं ते तुम्ही ऐका. हद्दीचं कारण चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकारी. मी अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवलाय. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेतलं ३१८, पोटकलम चारमध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, अर्जात ते लिहा. नुसत्या यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. रोख तर देऊच नका. बयाणा मागितला की पाती एकेक मांडून, शेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र ठेवून व्हिडिओ मागा. खरा विकणारा कुरकुर करेल पण पाठवेल.

जाहिरात परत लागलीय. नंबर नवा, लाल कोबा तोच, भाव आता ५२,०००. साखळी, फोंडा, मडगाव, कुठेही कुणाचा बयाणा गेला असेल तर आपल्या ठाण्यावर लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि तिचा क्रमांक मला कळवा. दुसरी तक्रार जोडली की ‘सिव्हिल मॅटर’ म्हणायला त्यांना जड जाईल.